आधी थांबायचं, मग पळायचं!

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घराच्या ओसरीवर काय काय असतं? रांगोळी, पणत्या, फराळाचे डबे, आलेल्या पाहुण्यांच्या चपला. बरोबर ना? मागच्या दिवाळीत मी एका घरी फराळाला गेले, तर तिथे ओसरीवर बारदाना अंथरलेला होता आणि त्यावर पन्नासेक लोखंडी तुकडे ओळीने मांडून ठेवलेले होते. शेजारी रॉकेलची वाटी. आणि एक उंच मुलगा मांडी घालून, जुन्या टूथब्रशने एक बेअरिंग घासत बसला होता.

हा मुलगा चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. मी मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या वेळी नोकरीत नवी होते. हा पोरगा वर्गातलं घड्याळ बंद पडलं की ते उघडू द्या म्हणून मागे लागायचा. आता तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. मला पाहून तो उठला, काळे हात मागे लपवले आणि म्हणाला, "मॅडम, पाया पडलो असतो, पण तुमची साडी खराब होईल!"

आतून त्याचे वडील चहा घेऊन आले. त्यांची सात एकर कोरडवाहू शेती. सोयाबीन निघालेलं, तूर उभी, कापूस वेचणीला आलेला. ते हसत हसत, पण थोडं मनातलं बोलले, "मॅडम, याले इंजिनेर व्हाले धाडलं, आन् हा तं लोखंड घासून राह्यला! सुट्टीत घरी आला, तरी पाठीवर ह्योच पसारा."

"हे आहे तरी काय?" मी विचारलं.

"शर्यतीची गाडी आहे, मॅडम," तो म्हणाला. "म्हणजे तिचा चौथा हिस्सा. बाकीचे तीन हिस्से तिघांच्या घरी गेले आहेत."

मग त्याने जे सांगितलं, आणि पुढे तीन महिने फोनवर जे सांगत राहिला, ते मला इतकं आवडलं की वाटलं, तुम्हा सगळ्यांना सांगावं.

खड्ड्यातून पळणारी बग्गी

जगात मोटारींच्या शर्यती अनेक प्रकारच्या असतात. काहींत कोट्यवधी रुपयांच्या गाड्या गुळगुळीत रस्त्यावर धावतात. पण काही स्पर्धा हौशी लोकांसाठी असतात. गाडी स्वतःच बनवायची, स्वतःच दुरुस्त करायची आणि स्वतःच चालवायची. बक्षिसापेक्षा बनवण्यातच खरी मजा.

अशीच एक स्पर्धा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी असते. तिचं नाव बाहा. मेक्सिको देशात बाहा कॅलिफोर्निया नावाचं एक लांबच लांब, वाळवंटी द्वीपकल्प आहे. तिथल्या खडकाळ वाटांवर १९६७ साली गाड्यांची एक मोठी शर्यत सुरू झाली. तिच्यावरून हे नाव आलं. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७६ साली विद्यार्थ्यांची पहिली बाहा स्पर्धा झाली. आपल्या देशात ती २००७ साली आली आणि पहिल्यांदा झाली ती मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या पिथमपूरला. म्हणजे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातून उत्तरेला, सातपुडा ओलांडून पलीकडे!

या गाडीला छप्पर नसतं, काचा नसतात, दारं नसतात. लोखंडी पाइपांचा एक पिंजरा, त्यात एकच आसन, मागे छोटं इंजिन आणि चार जाडजूड चाकं. इंजिन सगळ्या संघांना एकसारखंच वापरावं लागतं. त्याची ताकद फक्त दहा अश्वशक्तीच्या आसपास. तुमच्या गावातला मध्यम आकाराचा ट्रॅक्टरसुद्धा याच्या तीन-चार पट ताकदीचा असतो. म्हणजे जास्त पैसे देऊन मोठं इंजिन आणलं आणि जिंकलो, असं इथे चालत नाही. बाकी गाडी हुशारीने बनवावी लागते. ती हलकी हवी, मजबूत हवी आणि चार तासांच्या शेवटच्या शर्यतीत दगड, चिखल, उड्या सोसून टिकायला हवी. आपल्याकडे शंकरपटाच्या छकड्याला कोणी जड लाकूड वापरतं का? तसंच हे.

ही स्पर्धा साधारणपणे जानेवारीच्या सुमारास असते. त्यामुळे गाडीचं खरं काम चालतं ते दिवाळीनंतर, थंडीत.

आमचा विद्यार्थी रिकाम्या हातांनी का परतला?

"मागच्या वर्षी काय झालं?" मी विचारलं.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मॅडम, गाडी पळत होती झकास. पण थांबत नव्हती."

शर्यतीच्या आधी प्रत्येक गाडीची कसून तपासणी होते. त्यातली सगळ्यात कडक परीक्षा ब्रेकची. चालकाने गाडी वेगात आणायची आणि ब्रेक दाबायचा. त्याबरोबर चारही चाकं जागच्या जागी आवळली गेली पाहिजेत. तीन चाकं थांबली आणि एक फिरत राहिलं, तर नापास! यांचं पुढचं डावं चाक फिरत राहिलं. दुरुस्त केलं, पुन्हा गेले, पुन्हा नापास. तिसऱ्यांदाही तेच. दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी इतरांच्या गाड्या धूळ उडवत गेल्या आणि ही पोरं कुंपणाबाहेरून पाहत उभी राहिली.

"रडलास का?" मी विचारलं.

"मी नाही," तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "बाकीचे रडले. मी नंतर, ट्रॅव्हल्समध्ये."

आता ती गाडी पूर्ण सुटी करून, सगळं नव्याने पाहून, हिवाळाभरात पुन्हा उभी करायची होती. मध्ये डिसेंबरात सेमिस्टरची परीक्षा. त्यात नापास झालात, तर गाडीला हात लावायचा नाही, असं सरांनी बजावलेलं.

वहीतल्या पहिल्या पानावरचा माणूस

त्या पसाऱ्यात एक तेलकट वही होती. तिच्या पहिल्याच पानावर एका हसऱ्या माणसाचा फोटो चिकटवलेला. "हे कोण?" म्हटलं, तर तो म्हणाला, "ब्रूस मॅकलॅरेन."

मुलांनो, ही गोष्ट नीट ऐका. ब्रूसचा जन्म १९३७ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला झाला. त्याच्या वडिलांचं पेट्रोल पंपाला लागून मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. नऊ-दहा वर्षांचा असताना ब्रूसला खुब्याच्या हाडाचा आजार झाला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याला घरापासून दूर, मुलांच्या दवाखान्यात राहावं लागलं. त्यातला बराच काळ तर तो चाकं लावलेल्या एका चौकटीवर बांधलेल्या अवस्थेत पडून होता. बरा झाला, पण डावा पाय कायमचा थोडा आखूड राहिला. मैदानी खेळ बंद.

मग त्याच्या वडिलांनी एक जुनी गाडी विकत घेतली. ऑस्टिन सेव्हन ही त्या काळातली अगदी छोटी, स्वस्त मोटार. तिचाच एक शर्यतीसाठी बनवलेला प्रकार होता, अल्स्टर नावाचा. तीच ही गाडी, १९२९ सालची. पण ती कशी? पार सुटी करून ठेवलेली! बापलेकांनी मिळून एकेक भाग साफ केला, मोडका बदलला, जोडत नेला. पुढे १९५२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, ब्रूस तीच गाडी घेऊन टेकडी चढायच्या एका स्पर्धेत उतरला.

आणि पुढे? १९५९ साली अमेरिकेत झालेली फॉर्म्युला वनची एक शर्यत त्याने जिंकली. त्या वेळी तो फक्त २२ वर्षांचा होता. इतक्या लहान वयात फॉर्म्युला वनची शर्यत जिंकण्याचा त्याचा विक्रम २००३ सालापर्यंत कोणालाही मोडता आला नाही. १९६३ साली त्याने स्वतःचा संघ काढला. मॅकलॅरेन नावाचा तो संघ आजही धावतो आहे. स्वतः ब्रूस मात्र १९७० साली, नव्या गाडीची चाचणी घेताना तिचं मागचं आच्छादन वेगात उचकटलं आणि अपघातात गेला. अवघं ३२ वर्षांचं आयुष्य.

"मॅडम," तो म्हणाला, "शर्यत करणारे लोक किती हिमतीचे असतात, ते सगळे सांगतात. पण एक पत्रा नीट बसला नाही, तर काय होतं, तेही लक्षात राहावं म्हणून हा फोटो लावला."

आपल्या देशातही असे गाडी घडवणारे झाले बरं का! कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० गाडीचं साधं इंजिन वापरून कमी खर्चातली शर्यतीची गाडी बनवली. तिच्यामुळे 'फॉर्म्युला मारुती' शर्यती सुरू झाल्या आणि कितीतरी तरुणांना गाडी चालवायची संधी मिळाली. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हाही सुरुवातीला अशीच गाडी चालवायचा. कोइंबतूरजवळच्या शर्यतीच्या मैदानाला करिवर्धन यांचंच नाव आहे.

खडूने सापडलेली भेग

आता पुन्हा ओसरीवर येऊ. गाडी सुटी करणं सोपं वाटतं ना? पाना घ्यायचा आणि फिरवायचा. पण तिथेच पहिली शिस्त लागते. प्रत्येक नट-बोल्ट कुठून निघाला, ते वहीत लिहायचं. मोबाइलवर फोटो काढायचा. डाव्या चाकाचं सामान एका डब्यात, उजव्याचं दुसऱ्या डब्यात, वर चिठ्ठी. त्याच्या आईचे फराळाचे सहा डबे या कामी गेले होते आणि चिवडा पातेल्यात राहिला होता!

मग त्याने मला एक गंमत दाखवली. गाडीचं चाक ज्या लोखंडी दांड्याने सांगाड्याला जोडलेलं असतं, तो दांडा त्याने हातात घेतला. वरून अगदी ठणठणीत. त्याने त्यावर रॉकेल चोपडलं आणि पाच-दहा मिनिटं ठेवलं. मग फडक्याने कोरडा खडखडीत पुसला. नंतर शाळेतला पांढरा खडू बारीक करून त्याची भुकटी सगळीकडे फासली आणि दांडा उन्हात ठेवला.

थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर एक बारीक ओली रेघ उमटली. केसाएवढी!

असं का झालं, सांगा बरं? रॉकेल फार पातळ असतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेतही ते शिरतं. वरून पुसलं, तरी भेगेतलं तिथेच राहतं. खडू ते हळूहळू शोषून घेतो आणि भेगेची रेघ उमटते. मोठ्या कारखान्यांत हेच काम खास रंग वापरून करतात. तत्त्व तेच.

"म्हणजे हा दांडा मागच्या वर्षी शर्यतीत मोडला असता?" मी विचारलं.

"मॅडम, ब्रेकमध्ये नापास झालो, तेच बरं झालं म्हणायचं," तो हळूच म्हणाला.

त्याने लगेच मित्रांना फोन लावला. सुट्टीनंतर कॉलेजात गेल्यावर त्यांनी सांगाड्याचा, म्हणजे त्या पाइपांच्या पिंजऱ्याचा, असाच एकेक जोड तपासला. हा दांडा जिथे बसत होता, तिथेच पिंजऱ्याच्या दोन जोडांवर रेघा उमटल्या.

आता खरी कसोटी. स्पर्धेला राहिले होते जेमतेम दोन महिने, त्यात परीक्षा. काही जण म्हणाले, भेगांवर वेल्डिंगचा एक थर मारू, वरून रंग देऊ. कोणाला कळणार? पण वेल्डिंगचा थर वरून छान दिसला, तरी आतली भेग तशीच राहू शकते. धक्के बसले की ती पुन्हा वाढत जाते. वाद वाढला. शेवटी संघातली एक मुलगी उभी राहिली. गाडी चालवायची ती हीच मुलगी. ती एवढंच म्हणाली, "यात तुम्ही बसणार का मी?"

वाद तिथेच संपला. जुना पिंजरा बाजूला ठेवला. चाकं, गिअर, बसायचं आसन असं जे चांगलं होतं ते ठेवून पिंजरा मात्र पुन्हा पहिल्यापासून बनवायचं ठरलं.

त्रिकोणाची जादू

पिंजरा बनवायचा म्हणजे पाइप कापायचे, वाकवायचे आणि जोडायचे. एक गोल पाइप दुसऱ्या गोल पाइपाला जोडायचा असेल, तर त्याचं टोक सरळ कापून चालत नाही. ते माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं, म्हणजे दुसऱ्या पाइपावर ते घट्ट बसतं. त्यासाठी आधी कागदावर वळणदार रेघ आखतात, कागद पाइपाला गुंडाळतात आणि त्या रेघेवर कापतात. बघा, भूमितीच्या तासाला ज्यांना जांभया येतात, त्यांनी हे लक्षात ठेवा!

आणि पिंजरा नीट पाहिला, तर त्यात जिकडे तिकडे त्रिकोण दिसतात. चौकोनापेक्षा त्रिकोणच का? याचं उत्तर तुम्ही स्वतः शोधायचं आहे. लेखाच्या शेवटी त्यासाठी एक प्रयोग दिला आहे. घरात तुराट्या असल्या की झालं.

बंडीची धाव आणि फ्रीजमधलं बेअरिंग

आता वडिलांची गंमत सांगते. चाकाच्या मधोमध ॲल्युमिनियमचा एक तुंबा असतो. त्यात बेअरिंग घट्ट बसलं पाहिजे. मागच्या वर्षी पोरांनी ते हातोडीने ठोकून बसवलं होतं. त्यामुळे ते तिरपं बसलं आणि चाक डुगडुगत होतं. आता नवीन तुंबा मेहकरच्या लेथवर करून आणला, पण बेअरिंग काही आत जाईना. तुंब्याचं भोक केसभर लहानच ठेवलेलं असतं, नाही तर बेअरिंग आत फिरेल. मग ठोकायचं नाही, तर बसवायचं कसं?

वडील बाजूला बसून पाहत होते. ते म्हणाले, "बंडीच्या चाकाले धाव कशी चढवत व्हते, पाह्यलं का तू?"

तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे? बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते, ती धाव. ती चाकापेक्षा किंचित लहान करतात. मग गोवऱ्यांच्या जाळात लालभडक तापवतात. लोखंड तापलं की फुगतं, धाव मोठी होते आणि चाकावर सहज बसते. लगेच वरून पाणी ओततात. चर्र आवाज होऊन धाव आवळते आणि सगळे आरे घट्ट होतात. एकही खिळा नाही. सुतार आणि लोहार मिळून हे काम करायचे. आता बंड्यांना रबरी टायर आले, त्यामुळे हे दृश्य क्वचितच दिसतं.

पोरगा बापाकडे पाहतच राहिला. मग काय! बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. इकडे तुंबा चुलीवरच्या तव्यावर तापवला. ॲल्युमिनियम तर तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. थंडगार बेअरिंग काढलं, गरम तुंब्यावर सरळ धरलं आणि सोडलं. 'टक्' आवाज झाला आणि ते आपोआप आत जाऊन बसलं! हातोडी लागलीच नाही.

"हेच आम्हाला पुस्तकात आहे," पोरगा म्हणाला.

"असंल," वडील म्हणाले. "आमाले पुस्तक नव्हतं."

त्या दिवसापासून "लोखंड घासून राह्यला" हे वाक्य त्या घरात ऐकू आलं नाही. उलट संध्याकाळी शेतातून आले की वडील आधी विचारायचे, "कुठवर आलं रे तुह्या गाडीचं?"

पुढचं डावं चाक का थांबत नव्हतं?

सगळ्यात मोठं कोडं हेच. त्यासाठी ब्रेक कसा लागतो, ते आधी पाहू. पायाने पेडल दाबलं की एका नळकांड्यातला दट्ट्या पुढे सरकतो. तो पातळ नळ्यांमधल्या ब्रेक ऑइलला ढकलतो. द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगून ठेवलं आहे. त्या दाबाने प्रत्येक चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटा घेतात आणि चाक थांबतं.

मग बिघडलं कुठे? दोन ठिकाणी. पुढच्या डाव्या चाकाची नळी मध्येच वर उचलून, कमान करून नेलेली होती. त्या उंच जागी हवेचा बुडबुडा अडकून बसला होता. द्रव दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जात होता, चाकापर्यंत पोहोचतच नव्हता! आता नळी खालून सरळ नेली. मग हवा काढायचं काम. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल करून हवा-तेल बाहेर सोडायचं, स्क्रू आवळायचा, मग पेडल सोडायचं. "दाब! आवळला. सोड! दाब! आवळला. सोड!" रात्री अकरा वाजता, थंडीत कानटोप्या घालून पोरं हेच ओरडत होती म्हणे. शेजारच्या वसतिगृहातली मुलं खिडकीतून पाहायला आली.

दुसरी चूक पेडलची. गावातला हातपंप आठवा. त्याचा दांडा लांब असतो म्हणून लहान मुलगीसुद्धा खोलवरचं पाणी वर काढते. पेडलही तसंच. जुन्या पेडलने पायाचा जोर चौपट व्हायचा. यांनी पेडलची मापं बदलून तो सहापट केला. म्हणजे २० किलोचा जोर दिला, तर आधी ८० किलोचा पोहोचायचा, आता १२० किलोचा. फक्त पेडल थोडं जास्त खाली जातं, एवढंच. काहीतरी मिळवायचं, तर काहीतरी द्यावं लागतं.

"मॅडम, चारही!"

डिसेंबरातली परीक्षा झाली. कोणी अभ्यास बुडवला नाही, कारण सरांनी सगळ्यांची पाळी लावून दिली होती. चार जण अभ्यासाला, तर चार जण गाडीला. जानेवारीत गाडी टेम्पोत चढली आणि सातपुडा ओलांडून गेली.

त्या दिवशी मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते. दुपारच्या सुट्टीत फोन वाजला. मागे इंजिनांचा गोंगाट. पोरगा ओरडून बोलत होता, "मॅडम, चारही! चारही चाकं थांबली! पहिल्याच वेळी!"

मी वर्गात जाऊन सांगितलं, तर माझ्या तिसरीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी थांबली म्हणून टाळ्या वाजवणारा आमचाच वर्ग असेल!

दुसऱ्या दिवशी चार तासांची शर्यत झाली. मध्ये एकदा साखळी उतरली, बराच वेळ गेला. पण चार तास संपले, तेव्हा गाडी स्वतःच्या चाकांवर चालत बाहेर आली. बक्षीस मिळालं का? नाही. नंबरही बराच खाली आला. पण ती मुलगी हेल्मेट काढून, तोंडभर चिखल माखलेली, हसत उतरली. हे ऐकून मला सगळ्यात जास्त बरं वाटलं.

आता एक शब्द आईबाबांसाठी. आपलं मूल काही उघडून बसलं की आपण आधी रागावतो. मीही रागवत होते, घड्याळाच्या वेळी. वीज आणि गॅसपासून दूर ठेवावं, हे खरंच. पण बंद पडलेला टॉर्च, मोडकी सायकल त्यांना उघडू द्यावी. अट एकच घालावी. काढलेलं सगळं डब्यात ठेवायचं, वहीत लिहायचं आणि पुन्हा जोडून दाखवायचं.

तो भेगाळलेला दांडा पोराने शाळेला भेट दिला. तो माझ्या टेबलावर असतो. खडूची रेघ आता पुसट झाली आहे. मुलं येता-जाता तिच्यावरून बोट फिरवतात आणि विचारतात, "बाई, इथं तर काहीच लागत नाही हाताला?" मग मी खडू आणि रॉकेलची बाटली बाहेर काढते.

तुम्हीही करून पाहा

१. चार सारख्या लांबीच्या तुराट्या घ्या. टोकं दोऱ्याने बांधून चौकोन करा. एक कोपरा ढकला. काय होतं? आता एक लांब तुराटी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना तिरपी बांधा. पुन्हा ढकला. चौकोनाचे किती त्रिकोण झाले, ते मोजा.

२. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणि वीतभर पातळ नळी आणा. एक सिरिंज आणि नळी पाण्याने पूर्ण भरा. दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या पूर्ण आत ढकला आणि ती नळीच्या दुसऱ्या टोकाला जोडा. भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या दाबला की दुसऱ्या सिरिंजचा लगेच बाहेर सरकतो. आता मुद्दाम थोडी हवा आत राहू द्या. दुसरा दट्ट्या बोटाने धरून ठेवा आणि पहिला दाबा. हाताला काय फरक जाणवतो? तोच त्या पुढच्या डाव्या चाकाचा रोग!

३. रॉकेल आणि खडूचा प्रयोग मोठ्या माणसांसोबतच करायचा, विस्तवापासून लांब.